मासोळ्यांचा गोतावळा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत बोलावयाचे म्हणजे स्त्रीशिक्षण, बचत, फार तर आहारशास्त्र असा एखादा भारदस्त विषय घ्यावा, अशी आपली वहिवाट आहे. मी आज मासोळ्यांवर बोलणार आहे. विषय फलकावर लागला त्या दिवशी एका बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारले, "कालवणाच्या की तळण्याच्या?" आपल्या डहाणूला हा प्रश्न शोभण्यासारखाच आहे. धाकटी डहाणूची मासळी ज्या गावाच्या दारावर येते, तिथे मासा म्हटल्यावर पहिल्याने तव्याची आठवण झाली तर नवल कसले? पण मी बोलणार आहे त्या मासोळ्या तव्यावर ठेवावयाच्या नव्हेत. जेमतेम दीड इंचाचा जीव. काचेच्या टाकीत ठेवावयाचा आणि नुसता पाहावयाचा.

हा विषय आजच का, तेही सांगते. आपल्या बालवाडीसाठी एका भगिनीने आपल्या सासूबाईंच्या स्मरणार्थ देणगी दिली आणि तीतून मुलांसाठी माशांची टाकी घ्यावी असे ठरले. फार चांगले ठरले. पण त्यासोबत कोणते मासे आणावेत याची एक यादीही झाली, ती मी वाचली. एक गोल्डफिश, एक एंजल, दोन टायगर बार्ब, एक शार्क, दोन निऑन, एक काळी मॉली आणि तळ साफ करणारा एक काळा मासा. म्हणजे मुलांना सगळे प्रकार बघायला मिळतील, हा त्यातला हेतू. हेतू प्रेमळ आहे. यादी मात्र मला मुळीच पसंत नाही. ती अजून दुकानात गेलेली नाही, म्हणून आजची संधी साधते आहे. माझ्या घरी गेली बावीस वर्षे टाकी आहे, एवढाच माझा अधिकार.

माझे मागणे थोडके आहे. सात जातींचे नऊ मासे आणू नयेत, एकाच जातीच्या बारा मासोळ्या आणाव्यात. आणि ती जात थव्याने राहणारी, स्वभावाने गरीब, आपल्या पाण्यात व आपल्या हवेत सुखाने नांदणारी अशी असावी. माझी शिफारस दुकानात जिला नुसते 'झेब्रा' म्हणतात तिची आहे. चंदेरी अंग, आणि कल्ल्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत लुगड्याच्या काठासारख्या सरळ गेलेल्या निळ्या रेघा. ती कधी एका जागी थांबायची नाही. बारा जणी एकदम वळल्या की टाकीत वीज चमकल्यासारखे होते.

नाव इंग्रजी म्हणून ही परदेशची असे कोणी समजू नये. ही इथलीच, आपल्या देशातली. फ्रान्सिस हॅमिल्टन नावाचा कंपनी सरकारच्या नोकरीतला एक डॉक्टर होता. त्याने बंगाल-बिहारकडे हिंडून गंगेच्या खोऱ्यातील माशांवर मोठा ग्रंथ लिहिला, तो १८२२ साली निघाला. या मासोळीचे शास्त्रीय वर्णन पहिल्याने त्यात आले. तिच्या शास्त्रीय नावातला 'दानिओ' हा शब्द बंगालीतल्या 'धानी'वरून, म्हणजे भातशेतीवरून घेतला असे सांगतात. आणि ते बरोबर जुळते, कारण भातखाचरे, डबकी, संथ वाहणारे ओढे हेच तिचे माहेर.

भातखाचरातली मासोळी म्हटल्यावर आपल्याला काय नवे सांगावे? मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की चढणीचे मासे ओहोळातून उलटे वर खाचरात शिरतात. वलगण लागली म्हणून पाड्यावरची पोरे रात्री दिवे घेऊन बाहेर पडतात. पावसाळा सरल्यावर उथळ ओहोळात वाकून पाहा. तोंडापासून शेपटीपर्यंत एकच काळी रेघ असलेले, अंगावर काळा ठिपका असलेले, बोटभर मासे पन्नास-पन्नासांनी एका दिशेला तोंड करून उभे असतात. तुमची सावली पडली की एका क्षणात सगळे वळतात. हे ज्यांनी डोळे भरून पाहिले त्यांनी ते भिंतीवरही उतरवले. आपल्या तालुक्याचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांनी काढलेली मासेमारीच्या जाळ्याची चित्रे पाहा. त्यांत मासा एकटा क्वचितच. मासे म्हणजे मेळाच.

मासोळ्या अशा गोतावळ्याने का राहतात? शोभेसाठी नक्कीच नव्हे. दीड इंचाच्या जिवाला खंड्या, बगळा, मरळ, पाणसाप असे शंभर वैरी. एकटीला दोन डोळे, पन्नास जणींना शंभर. शत्रू झेप घेतो तेव्हा एकसारख्या दिसणाऱ्या पन्नास जणी दहा दिशांना फुटतात. कुणाला धरावे हे त्याला उमगत नाही, आणि तेवढ्या वेळात सगळ्या निसटतात. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक बारीक ओळ असते, तिने त्याला पाण्याची यत्किंचितही हालचाल कळते. शेजारची वळली हे मासोळीला डोळ्यांइतकेच अंगाने समजते. आणखी एक मोठी मौजेची गोष्ट. मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावणारे कार्ल फॉन फ्रिश यांचे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल; त्यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी १९३८ साली दाखवून दिले की, एका मासोळीच्या कातडीला जखम झाली तर तीतून काहीतरी द्रव्य पाण्यात मिसळते, आणि त्याच्या वासाने तिच्या सगळ्या सोबतिणी घाबरून पळतात. म्हणजे एकीने सोसले की बाकीच्या सावध होतात. झेब्रा मासोळीतही हे असेच आढळते.

आता अशा मासोळीला एकटीला काचेत ठेवले तर काय होईल? ती मरत नाही, म्हणून लोकांना वाटते की ठीक आहे. पण ती कोपऱ्यात, वनस्पतीच्या मागे नाहीतर तळाशी दबून राहते, खायला मनापासून येत नाही, रंग फिका पडतो. तिच्या दृष्टीने सगळ्या सोबतिणी शत्रूने खाल्ल्या आहेत आणि आता पाळी हिची आहे. तिला ते दुकान आणि ती यादी कशी माहीत असणार?

दोन ठेवल्या तर? दोन हा आकडा एकापेक्षाही वाईट. या मासोळ्या गरीब खऱ्या, तरी त्यांच्यात लहानमोठेपणा असतोच. दोघी जावा एका चुलीवर, आणि घरात तिसरे माणूस नाही, म्हणजे जे होते तेच तिथे होते. थोरली धाकटीला टाकीभर पळवत राहते, आणि धाकटीला जायला दुसरे घर नसते. सहा झाल्या की ही कुरबुर वाटली जाते, दहा-बारा झाल्या की उरते ती नुसती शिवाशिवी. एकत्र कुटुंबाचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही बरे! त्यात काय काय असते हे या सभेला ठाऊक आहे. मी फक्त माशांविषयी बोलते आहे.

या ठिकाणी आमच्या शेजारच्या एका बाईंची हकिगत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, नाव मात्र सांगत नाही. यजमान गेल्यावर त्या घरात एकट्या राहिल्या. नोकरीनिमित्त बाहेरगावी असलेल्या मुलाने, आईला विरंगुळा व्हावा म्हणून, वाढदिवसाला टाकी पाठवली. दुकानदाराचा माणूस सकाळी आला, टाकी लावली, नळाचे पाणी भरले, आणि त्याच दुपारी निरनिराळे सात मासे त्यात सोडून गेला. तिसऱ्या दिवशी एक मेला. आठवड्याने दोन. सोळाव्या दिवशी टाकी रिकामी. कोणीतरी येऊन सांगून गेले की, मासे घरावरचे संकट आपल्या अंगावर घेतात. दुसरे कोणी म्हणाले, तुमच्या हाताला आता यश नाही. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा टाकीवर चादर घातलेली होती, आणि बाई मला म्हणाल्या, "माझ्या घरात काही जगायचे नाही हो."

मी घरून पाणी तपासण्याच्या बाटल्या आणल्या. टाकीतले पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात थेंब टाकायचे आणि रंग पाहायचा, इतके ते सोपे असते. पिवळा राहिला तर ठीक. त्यांच्या पाण्याचा रंग गर्द हिरवा झाला. याचा अर्थ पाण्यात अमोनिया होता, आणि तो त्यांच्या नशिबाने आलेला नव्हता. माशांच्या श्वासातून, विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून तो रोज पाण्यात येतो. जुन्या टाकीत एक जातीचे सूक्ष्म जंतू त्याचे नायट्राइट करतात, ते देखील विषच. दुसऱ्या जातीचे जंतू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, ते पुष्कळच निरुपद्रवी. हे जंतू वाळूत, गाळणीच्या स्पंजात, काचेवर घर करून राहतात. पण त्यांची वसाहत व्हायला महिना-दीड महिना लागतो. नव्या टाकीत ते नसतातच. तिथे पहिल्याच दिवशी सात मासे सोडणे म्हणजे मोरी नसलेल्या घरात वऱ्हाड उतरवण्यासारखे आहे. मी हे सगळे त्यांना त्या हिरव्या नळीसह दाखवले. बाई पुष्कळ वेळ ती नळी हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी काही केले नाही." त्यांनी दोन-तीनदा हेच म्हटले.

पुढे सहा आठवडे माझ्या गाळणीतला जुना स्पंज त्यांच्या टाकीत राहिला, रोज चिमूटभर खाणे टाकून जंतूंना पोसले, आणि रंग पिवळा आल्यावर आधी सहा आणि पंधरवड्याने आणखी सहा झेब्रा आल्या. त्यांतल्या अकरा अजून आहेत. तिसरे वर्ष चालू आहे, म्हणजे या मासोळीच्या मानाने बरेच वय झाले.

आता यादीकडे वळू. गोल्डफिश शांत, पण वाढून वीतभर होतो आणि पाणी फार घाण करतो. त्याला काचेच्या गोल भांड्यात ठेवण्याची जी चाल पडली आहे ती तर दुष्टपणाचीच. गोल भांड्याचे तोंड अरुंद, म्हणून पाण्याला हवा कमी लागते. एंजल दिसायला देवदूत. मोठा झाला की निऑनसारखे बारीक मासे गिळतो. टायगर बार्बही थव्यानेच राहणारे, पण दोनच ठेवले तर दुसऱ्यांचे लांब पर कुरतडत हिंडतात, आणि एंजलचे पर लांब असतात, म्हणजे बघायलाच नको. निऑन फार सुंदर. हे मासे दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या जंगलातल्या मऊ, किंचित आंबट पाण्याचे. १९३६ साली त्यांचे शास्त्रीय नामकरण झाले. आपल्याकडच्या विहिरी-बोअरिंगचे पाणी जड. साबणाला फेस येत नाही ते आपल्या हातांना ठाऊक आहे. किनाऱ्याजवळ तर उन्हाळ्यात मचूळही होते. त्यात निऑन आणणे म्हणजे नाजूक पोर परक्या हवेत टाकणे. झेब्राला मात्र हे पाणी चालते, फक्त मचूळ नको. आपल्या थंडीतही तिला तापकाची जरूर पडत नाही.

आणि शार्क! तो शार्क नव्हे. आग्नेय आशियातल्या मेकाँग नदीकडचा तो मोठा मासा, वाढून चार फुटांपर्यंत जातो. आपल्याकडे हॉटेलात 'बासा' म्हणून जो ताटात येतो तो पुष्कळदा हाच असतो. बालवाडीच्या दोन फुटी टाकीत चार फुटी मासा कसा मावेल हा हिशेब आपल्या खजिनदारबाईंवर सोपवते.

यादीत नसलेल्या एका माशाविषयी सावध करते. अंगावर गुलाबी, हिरवे, झगमगीत ठिपके असलेले पारदर्शक मासे कधी कधी विकायला येतात. तो मासाही आपल्याच देशातला, काचेसारखा आरपार दिसणारा, आतला काटा न् काटा मोजून घ्यावा असा. तो रंग त्याचा नसतो. सुईने अंगात टोचलेला असतो. पुष्कळ मासे त्यातच मरतात, उरलेल्यांचा रंग काही महिन्यांत जातो. असा मासा कोणी फुकट दिला तरी घेऊ नये.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच असावी. अडीच घनफूट, म्हणजे सुमारे सत्तर लिटर पाणी. वाळू आणि काच धरून सगळा भार दोन मणांच्या पुढे जातो, तेव्हा बालवाडीतले ते डुगडुगणारे मेज चालणार नाही. लांबी महत्त्वाची, उंची नव्हे, कारण या मासोळ्या धावणाऱ्या आहेत. खिडकीचे ऊन थेट पडले तर शेवाळ माजते. वरती झाकण हवेच, कारण झेब्रा चांगलीच उडी मारते. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधला तरी भागते.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ते माशांच्या कल्ल्यांना जाळते. पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवले की क्लोरीन उडून जाते. घाई असेल तर पूर्वी फोटोग्राफर 'हायपो' म्हणून जे खडे वापरत त्याचे द्रावण दुकानात मिळते, त्याचे दोन-चार थेंब पुरतात. मात्र ही बादली प्लॅस्टिकची घ्यावी. तांब्याच्या हंड्यातले पाणी आपल्याला आरोग्यदायी म्हणून सांगितलेले असते. माशांना तांबे हे विष आहे. साबणाचा हात तर कधीच घालू नये. आणि भगिनींनो, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डासांची औषधे. वडी, लिक्विड, फवारा यांत जी द्रव्ये असतात ती माणसाला सोसतात, माशाला अगदी थोडीही सोसत नाहीत. गल्लीत धुराची गाडी आली की आपण पोरांना आत बोलावतो, तशी टाकीवर ओली चादर घालून हवेचा पंप थोडा वेळ बंद करावा. कित्येक टाक्या याच एका कारणाने एका रात्रीत रिकाम्या होतात आणि दोष दुकानाला जातो.

आठवड्याला चौथा हिस्सा पाणी काढून तेवढेच नवे घालावे. काढलेले पाणी मोगऱ्याला घाला. असे खत विकत मिळत नाही. सगळे पाणी काढून टाकी घासूनपुसून लख्ख करण्याची आपल्याला फार हौस. ती हौस पितळी भांड्यांवर भागवावी. टाकी अशी घासली की ते उपयोगी जंतूही धुऊन जातात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. वीज गेली तरी बारा लहान मासोळ्यांना काही होत नाही. टाकीत गर्दी असली तरच जीव घाबरा होतो. थोडेच प्राणी ठेवण्याचा हा एक मोठा फायदा.

खाणे किती द्यावे? या कुळातल्या माशांना जठरच नसते हे ऐकून मी स्वतः चकित झाले होते. दात असतात, पण तोंडात नसून घशात. आणि त्यापुढे खाल्लेले थेट आतड्यात. साठवण्याची सोय नाही. म्हणून दोन मिनिटांत संपेल एवढीच चिमूट, दिवसातून एकदा-दोनदा, आणि आठवड्यातून एक दिवस कडकडीत उपास. बालवाडीत चाळीस मुले आहेत. प्रत्येकाला एक चिमूट टाकू दिली तर चाळिसाव्या चिमटीला मासे नव्हे, अमोनियाच जेवेल. रोज एका मुलाची पाळी लावावी आणि पाळीची पाटी भिंतीवर टांगावी. पाळीची वाट बघणे हाही शिक्षणाचा भागच झाला.

बालवाडी म्हटल्यावर, या मुलखात, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९४५ साली बोर्डीला त्यांचे काम सुरू झाले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. महागड्या परदेशी साधनांवाचून शिंपले, बिया, पाने, खडे यांनी मूल शिकते हे त्यांनी आपल्याच अंगणात करून दाखवले. त्या दृष्टीने पाहिले तर निरनिराळ्या रंगांचे नऊ मासे हे दुकानातले खेळणे आहे. मूल पाच मिनिटे बघेल, नावे पाठ म्हणेल आणि उठून जाईल. एकसारख्या बारा मासोळ्यांपुढे ते बसून राहते. कुणी पुढे जाते, कुणी मागे राहते, हीच ती कालची का, असे विचारू लागते. मोजायला तर त्या फार कठीण. माझ्या नातवाने चार दिवस घालवले तेव्हा बारा भरल्या.

अंडी पाहायची असली तर त्याचीही युक्ती सांगते. झेब्राची मादी पहाटे अंडी सांडते आणि मागे वळून तीच खाते. तिथे मातृप्रेमाचा धडा शोधू नये. म्हणून दुसऱ्या लहान भांड्यात तळाशी मुलांच्या काचेच्या गोट्या पसरायच्या आणि संध्याकाळी नर-मादी त्यात सोडायची. सकाळी अंडी गोट्यांच्या फटीत पडलेली असतात, तिथे आईचे तोंड पोचत नाही. मोठ्यांना लगेच काढून घ्यावे. अंडे इतके नितळ असते की साध्या भिंगातून, दुसऱ्या दिवशी, आत चाललेले हृदय दिसते. दोन-तीन दिवसांत पिल्लू बाहेर. याच नितळपणामुळे ही भातखाचरातली मासोळी आज जगभरच्या प्रयोगशाळांत पोचली आहे. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही तिच्यावर काम चालते. तिच्या हृदयाचा तुकडा कापला तरी ते पुन्हा भरून येते, हे २००२ साली सिद्ध झाले. माणसाच्या हृदयाला ही विद्या का येत नाही, याचा शोध चालू आहे.

कोणी म्हणेल, मग दुकानात कशाला जायचे, ओहोळातलेच धरून आणू. दोन-चार धरल्याने ओहोळ रिकामा होत नाही हे खरे. तरी पाण्यातून आणलेले मासे रोगही आणतात, आणि चढणीच्या दिवसांत धरले तर ते पोटात अंडी घेऊन निघालेले असतात. हौसेपायी काय होते ते केरळात पाहावे. लाल-काळ्या पट्ट्यांचा 'मिस केरला' नावाचा सह्याद्रीतल्या नद्यांचा मासा, परदेशच्या हौशी लोकांसाठी इतका धरला गेला की आज त्याची गणना धोक्यात आलेल्या जातींत होते. झेब्रा टाक्यांतच पैदा होते, म्हणून ती विकत घेताना मनाला टोचत नाही.

याच्या उलट दिशेचे पाप अधिक मोठे आहे, आणि ते चांगल्या मनाचे लोक करतात. टाकीचा कंटाळा आला किंवा मासा मोठा झाला की 'जाऊ दे बिचारा' म्हणून तो विहिरीत, तलावात, नदीत सोडतात. आपल्या यादीतला तो तळ साफ करणारा काळा मासा दक्षिण अमेरिकेतला. लहानपणी काच चाटतो. मोठेपणी हात-दीड हात होतो, अंगावर चिलखत, पराला काटे. लोकांनी सोडून सोडून तो आपल्या देशातल्या कित्येक पाण्यांत पसरला आहे. भीमेवरच्या उजनी जलाशयातही तो जाळ्यात येऊ लागला. तो खायला घेत नाहीत, जाळी मात्र फाडतो, आणि ज्याच्या पोटापाण्याची ती जाळी असते त्याचे नुकसान करतो. आपल्याकडे कुर्झ्याचे धरण आहे, सूर्या आहे, वरोळी आहे, पाड्यापाड्याचे ओहोळ आहेत. १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून सरकारने जाहीर केला. त्या पाण्यात बालवाडीच्या टाकीतला एकही मासा जाता कामा नये, झेब्रासुद्धा नाही. नको झाला तर माझ्याकडे आणून द्या.

आता कामाचे बोलते. कार्यकारी मंडळाने यादी बदलली असे मी गृहीत धरत नाही; त्यावर चहानंतर मत घ्यावे. पण टाकी, वाळू आणि गाळणी यांवर कोणाचा वाद नाही, तेव्हा ती आधी आणावी, आणि मासे सहा आठवड्यांनी. जुना स्पंज मी देईन. मासे मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटातून आणायचे ठरले तर थंड वेळी आणावेत. २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते, त्यामुळे गाडी बदलण्याची दगदग नाही. पिशवी काळ्या कापडात गुंडाळून मांडीवर घ्यावी, घरी आल्यावर वीस मिनिटे तशीच टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, मग मासे सोडावेत. पिशवीतले पाणी आत ओतू नये. राहिला सुट्टीचा प्रश्न. दिवाळीच्या सुट्टीत दिवसाआड कोणीतरी जाऊन चिमूटभर खाणे टाकले पाहिजे. त्यासाठी मी एक वही केली आहे. पहिल्या पानावर माझ्या शेजारच्या त्याच बाईंनी आपले नाव स्वतःहून घातले आहे. पहिला आठवडा त्यांचा. दुसऱ्या आठवड्यासाठी जागा मोकळी आहे. वही दाराजवळच्या मेजावर ठेवली आहे, पेन्सिल दोरीने बांधली आहे.